सतरा नंबरचं घर

प्रिय मीरा आणि अद्वैत,

हे पत्र मराठीत आहे आणि लांब आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून ठेवते, म्हणजे एका बैठकीत संपवायचा हट्ट धरणार नाही. आजवर मी तुम्हाला इंग्रजीतच लिहीत आले. तुम्हाला ते सोपं जातं आणि मलाही सवय आहे, कारण हैदराबादला माझं सगळं शिक्षण त्याच भाषेत झालं. पण आज ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे, त्याचं बोलणं मी पूर्वी इंग्रजीत नेलं होतं आणि ते काम माझ्या हातून नीट झालं नव्हतं.

आत्ताच का, तेही सांगते. मागच्या महिन्यात मीरा फोनवर म्हणाली, "आजी, इथे दिवसभर माणसांतच असते, पण माझं असं कुणी नाही." मी तिला लगेच सात सूचना दिल्या. सकाळी फिरायला जा, शेजारणीला चहाला बोलाव, अशा. फोन ठेवल्यावर त्या सातही मी मनात पुन्हा वाचल्या आणि मला लाज वाटली. तुमचे आजोबा गेल्यापासून बीडच्या या घरात मी त्यांतली एकही पाळलेली नाही. त्या संध्याकाळी मला ज्ञानोबा सानप आठवले. त्यांच्यापाशीही यावर उपाय नव्हता. पण एकट्या माणसाचा दिवस कसा जातो, हे मी पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून शिकले. तेव्हा मला ते शिकायची गरज नव्हती, म्हणून बहुधा नीट बघितलं.

तुमची आई तेव्हा दीड वर्षाची होती. जिल्ह्यात सहा-सात वर्षांपूर्वी एक सहकारी साखर कारखाना निघाला होता आणि तुमचे आजोबा तिथे मुख्य केमिस्ट होते. कारखान्याची वसाहत म्हणजे चाळीस घरं, एक शाळा, एक किराणा भांडार आणि चारी बाजूंनी माळ. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे. सानप कारखान्याच्या शेतकी खात्यात होते. त्यांचं काम सभासदांच्या शेतात जाऊन उसावरची कीड तपासायचं. लोक त्यांना 'किडेवाले' म्हणत, तोंडावरसुद्धा.

उंच, हडकुळे, चाळिशी ओलांडलेले. चालताना मान कायम खाली, आणि मधूनच एक पाऊल लांब पडायचं. नवख्या माणसाला वाटे, पाय दुखतो आहे. तिथे मुंग्यांची रांग असायची. काखेत घडी केलेलं गोणपाट आणि हातात काळी छत्री. छत्री उन्हासाठी नव्हती. सूर्य कलला की आपली सावली मुंग्यांच्या वाटेवर पडते आणि त्या बावरतात, म्हणून ते छत्री जमिनीत रोवून आधीच एक सावली करून ठेवायचे आणि मग तिच्यात बसायचे. उजव्या हाताच्या बोटांवर पिवळट तपकिरी डाग होते, टिंक्चर आयोडीन सांडल्यासारखे.

माळावर त्यांनी मुंग्यांची एकतीस घरं शोधून ठेवली होती. 'घर' हा त्यांचाच शब्द. तांबूस, मोठ्या डोक्याच्या, गवताचं बी आणि ज्वारी साठवणाऱ्या मुंग्या. प्रत्येक घराशेजारी चपटा दगड ठेवून त्यावर चुन्याने आकडा घातलेला. घरापाशी पोचायच्या चार पावलं आधी ते खाकरत. बायका असलेल्या घरात शिरताना आपल्याकडचे पुरुष खाकरतात ना, अगदी तसं. मग गोणपाट टाकून बसत आणि हलक्या आवाजात म्हणत, "आलो बरं का." मी एकदा ते ऐकलं तेव्हा हसू दाबलं होतं. आता मी रोज कुलूप उघडून या घरात येते तेव्हा काय म्हणते, ते तुम्हाला सांगणार नाही.

आमच्या दाराशी ते पहिल्यांदा आले ते हातात काडेपेटी घेऊन. आत या म्हटलं तर पायरीवरच बसले.

"बाईसाहेब, तुमाला इंग्रजी येतं म्हन्त्यात."

"येतं. काय काम आहे?"

"मुंग्यांच्या घरात एक पाहुना ऱ्हातो. त्याचं पत्र लिवायचंय. इलायतेला."

मी काही बोलायच्या आत त्यांची नजर माझ्या स्वयंपाकघरात गेली. जाळीच्या कपाटाच्या चारी पायांखाली मी पाण्याच्या वाट्या ठेवल्या होत्या, आणि ते पाणी दर सोमवारी बदलायचा माझा नेम होता.

"ते पानी कावून ठिवलंय?"

"मुंग्या चढू नयेत म्हणून."

"मंग त्या कुठून जात्यात?"

"जाऊच नयेत म्हणून तर ठेवलंय ना!"

ते उठले, दारातूनच बोट दाखवलं. भिंतीवरून एक बारीक रांग खुंटीवर जात होती, खुंटीवरून कंदिलाच्या दोरीने कपाटाच्या माथ्यावर उतरत होती आणि तिथून सरळ साखरेच्या डब्यात. "तुमी पानी बदलत ऱ्हावा," ते शांतपणे म्हणाले, "त्या वाट बदलत ऱ्हातील. घाई कुनालाच न्हाई."

काडेपेटीत कापसावर एक मेलेला भुंगेरा होता. ज्वारीच्या दाण्याहून जरा लांब, लाखेच्या रंगाचा. डोक्यावर दोन शिंगं, पण शिंगांसारखी नाहीत. तळहात पसरावेत तशी रुंद आणि चपटी. एवढ्याशा जिवाला ती फार मोठी वाटत होती. हा मुंग्यांच्या घरात अगदी खालच्या खोल्यांत राहतो. क्वचित, पाऊस पडून गेल्यावर, बाहेर येतो. सहा वर्षांत सानपांनी तो तीनदा पाहिला होता आणि हा एकच हाती लागला होता. तो त्यांनी माती आणि मुंग्यांसकट काचेच्या बरणीत ठेवून मरेपर्यंत पाहिला होता. त्याला धरलं की मागून पट् असा बारीक आवाज होतो, धुरासारखं काहीतरी उडतं आणि बोट भाजतं. डाग त्याचे होते.

मी वही घेतली. ते सांगू लागले.

"लिवा. तो मुंग्यांत ऱ्हातो पन मुंगी न्हाई. त्या त्याला चाटत्यात. शिंगाला धरून वढत्यात, या खोलीतून त्या खोलीत नेत्यात. तो त्यांची पिल्लं खातो. हे त्यांना ठावं हाय का न्हाई, ते मला ठावं न्हाई."

मी चार परिच्छेद केले, त्यांना आकडे घातले, सगळं स्वच्छ टंकलिखित केलं. सानप म्हणाले, आता हे मराठीत वाचून दाखवा. मी वाचलं: सदर भुंगेरा मुंग्यांच्या वसाहतीत आढळतो, मुंग्यांच्या अळ्या हे त्याचं अन्न असावं.

"बाई, याच्यात माझं एकबी वाक्य न्हाई."

"अहो, अर्थ तोच आहे."

"आन ते? मला ठावं न्हाई म्हनलो ते?"

"शास्त्रज्ञांना तसं लिहीत नाहीत."

"कावून? तेवढंच तर पक्कं हाय."

पत्र मी लिहिलं तसंच गेलं. सोबत काडेपेटी.

त्या वर्षी पावसाने मधेच ओढ दिली. ऊस निम्मा वाळला, कारखान्याचा हंगाम काही आठवड्यांत आटोपला. ऊसच नाही तर उसावरची कीड तरी कुठली? सानपांना काम उरलं नाही. मग वार्षिक सभेत, मांडवात सगळे सभासद बसलेले असताना, एक फेटेवाले उभे राहिले.

"चेअरमनसाहेब, ऊस न्हाई तर किडेवाला कावून ठिवलाय? ह्यो मानूस दिसभर माळावर मुंग्यांची राखन करतोय!"

मांडव हसला. चेअरमन खुशीत होते. "सानप, उठा की. सांगा सभासदांना काय राखन करता ते."

दुसऱ्या कुणी हसण्यावारी नेलं असतं. सानप उठले, छत्री खुर्चीला टेकवली आणि खरोखरच सांगू लागले. पाहुणा कसा राहतो, त्याला मुंग्या कशा चाटतात, तो काय खातो. दोन-तीन मिनिटं लोकांनी ऐकलंसुद्धा. मग मागून कुणीतरी ओरडलं, "म्हंजी घरजावईच की वो! आयतं गिळतंय, वरून सासूची लेकरं बी खातंय!"

मांडव गदगदला. बायकांच्या बाजूला आम्हीही हसलो, मीही हसले. आणि त्या हसण्यातच दिंद्रुडकडचा एक सभासद म्हणाला, "सानपाला इचारा की! त्यानी सोताच केलंय ते!"

सानप छत्री घेऊन खाली बसले. सभा पुढच्या विषयावर गेली. मला त्या बोलण्याचा अर्थ कळला नव्हता, पण 'घरजावई' हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नव्हता आणि पुढेही वापरला नाही, हे मात्र लक्षात राहिलं. ते नेहमी 'पाहुणा' म्हणत. महिनाभर ते आमच्या पायरीवर आले नाहीत.

मग विलायतेहून उत्तर आलं. पत्र माझ्या नावाने होतं म्हणून मीच माळावर गेले. ते नऊ नंबरच्या घरापाशी बसले होते. मी उभ्यानेच वाचून अर्थ सांगितला. तिथल्या संग्रहालयातले अभ्यासक लिहीत होते की हा भुंगेरा आजवर कुणी नोंदलेला दिसत नाही. पण नमुना एकच आहे आणि त्याचं डावं शिंग टपालात मोडलं आहे. धडधाकट नर आणि मादी मिळाल्यावरच त्याला नाव देता येईल. तोवर तो बिननावाचा राहील.

"नाव कसं देत्यात?"

"लॅटिनमध्ये. बहुतेक वेळा ज्याने शोधला त्याचं नाव घालतात. तुमचं घालतील."

"माझं नगं."

"मग कुणाचं?"

मुंग्यांच्या घराच्या तोंडाशी भुशाचा ढीग होता, त्यातली एक काडी त्यांनी उचलली आणि परत तिथेच ठेवली. "मंजुळा म्हनून चालंल का?"

त्या दिवशी त्यांनी मला जे सांगितलं ते पाच-सहा वाक्यांत होतं. मंजुळा त्यांची बायको. दिंद्रुडला तिच्या माहेरी ते घरजावई होते, कारण मेव्हणे अजून लहान होते आणि सासऱ्यांची शेती बघायला दुसरं कुणी नव्हतं. दुसऱ्या वर्षी ती बाळंतपणात गेली, मूलही गेलं. "जा असं कुनी म्हनलं न्हाई," सानप म्हणाले. "ताट येळेवर यायचं. पन माज्यासंगं कुनी बसायचं न्हाई. म्या दोन वर्सं तसाच जेवलो. मंग धाकट्या मेव्हन्याचं लगीन झालं, आन एक दिस मीच गेलतो ते परत आलोच न्हाई." तिचा फोटो काढलेला नव्हता. तिचं नाव आता त्या घरातही कुणी काढत नाही, असं त्यांच्या कानावर आलं होतं.

पत्राची घडी करून मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वहीत ठेवली. आणि नर-मादी मिळायची शक्यता कुठे आहे तेही सांगितलं. सतरा नंबरचं घर. टेकडाच्या पाठीमागे. तीनपैकी दोनदा त्यांनी पाहुणा पाहिला तो तिथेच. पण ते घर खोदायचं नाही, पावसाची वाट बघायची. तो आपल्या पायांनी बाहेर येईल तेव्हा धरायचा. खोदलं तर मुंग्या घर सोडतात, मग पाहुणाही संपतो.

पाऊस आलाच नाही. तो बहात्तरचा दुष्काळ. पुढच्या उन्हाळ्यात वसाहतीत टँकर येई तेव्हा मी बायकांच्या रांगेला चिठ्ठ्या वाटायची, नाहीतर भांडणं होत. विहिरी तळाला लागल्या होत्या. रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, मिळायचा, मिळेल तेव्हा. पाझर तलावाच्या सरकारी कामावर बायकांना सुकडी, म्हणजे भाजलेल्या पिठाचा गोड खाऊ, मिळे, आणि त्या सुकडीवर वसाहतीबाहेरच्या वस्तीतली घरं चालली होती. मग खडक लागला, सुरुंगाची दारू येईना आणि काम तीन आठवडे बंद पडलं. काम बंद म्हणजे सुकडी बंद.

आमच्याकडे भांडी घासायला कौसाबाई यायची. तिचा नवरा ऊसतोडीला खाली, पश्चिमेकडच्या कारखान्यांवर, गेला होता आणि निरोप नव्हता. पदरी दोन मुली, म्हातारी सासू. मी तिला उरलेल्या भाकऱ्या, कधी पीठ देत असे आणि मनातल्या वहीत स्वतःला एक बरोबरची खूण करत असे. पण तिच्या वस्तीत अकरा घरं होती. एका सकाळी ती आली ती नखांत माती घेऊन.

"कौसाबाई, हे काय?"

"दाना काढत व्हते, बाई. मुंग्याचा."

पूर्वीच्या दुष्काळांत तिच्या आजीने केलं होतं ते तिने सांगितलं. मुंग्यांनी साठवलेलं धान्य खणून काढायचं, पाखडायचं, धुवायचं, भाजायचं. एका घरातून कधी ओंजळ निघते, कधी शेरभर. आंबूस लागतं, पण पोटात राहतं. अडचण अशी की तीन दिवस खणून तिला दोन ओंजळी मिळाल्या होत्या, कारण कुठे खणावं तेच कळत नव्हतं.

"सानपसाहेबाला समदं ठावं हाय म्हन्त्यात," ती म्हणाली. "तुमी एक बार इचाराल का?"

मी विचारलं नाही. का विचारलं नाही, ते सरळ लिहिते: मला ती नर-मादीची जोडी हवी होती. तोवर विलायतेला माझी अकरा पत्रं गेली होती. नवा शोध, त्यात माझं इंग्रजी, आणि मंजुळेची गोष्ट फक्त मला माहीत. मी कौसाबाईला जास्त पीठ दिलं आणि विषय टाळला.

तिने स्वतःच जाऊन विचारलं. सानपांनी घरांच्या नोंदींची वही उघडली आणि दोन दिवसांत तिला सगळा माळ फिरवून दाखवला. नुसता दाखवला नाही, खणायचं कसं तेही शिकवलं. वरच्या खोल्यांत दाणा असतो, तेवढा घ्यायचा. ओली माती लागली की थांबायचं, खाली राणी असते. बायका हसायच्या. "राणीसायेब उपाशी ऱ्हातील का वो आमच्यापाई?" एकीने विचारलं. "तिलाबी लेकरं हायती," सानप म्हणाले. सुरुवातीला बायका थांबत होत्या. मग भूक वाढली आणि ओल्या मातीपाशी कुणी थांबेना. दिवसागणिक चुन्याचे दगड उलटे पडलेले दिसू लागले. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस.

टेकडामागचं सतरा नंबरचं घर त्यांनी दाखवलं नव्हतं.

तीन-चार दिवसांनी कौसाबाई आमच्या पायरीवर उभी होती आणि सानप खाली अंगणात. ती शेण्या वेचायला सगळीकडे फिरणारी बाई.

"साहेब, टेकडामागं एक चुन्याचा धोंडा हाय. ते घर वहीत न्हाई वाटतं?"

मीच बोलले. "कौसाबाई, ते घर कामाचं आहे. संशोधनाचं. त्यात एक किडा आहे, तो जगात दुसरीकडे कुठे नाही."

"त्यो घरजावई?"

"हो. तोच."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. भांडी घासायला घेताना कुठलं आधी घ्यावं म्हणून बघावं तसं. "म्हंजी त्याचं पोट भरलंय," ती म्हणाली.

सानपांनी छत्री उचलली. "बाई, काचेची नळी अन् कापूस घ्या," मला म्हणाले. "आन कौसाबाई, सूप आन. सकाळीच जाऊ, ऊन चढायच्या आत."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. घरापासून चार पावलांवर ते नेहमीसारखे खाकरले. पण "आलो बरं का" म्हणाले नाहीत. गुडघ्यावर बसून त्यांनी खुरप्याने माती काढायला सुरुवात केली, इतक्या हळू की कौसाबाई म्हणाली, "साहेब, पेरनी चाललीय का खोदाई?" दाणा लागला. मोठं घर होतं, शेर-सव्वाशेर निघाला असेल. ती सुपात घेऊन बाजूला बसली आणि पाखडू लागली. भुसा वाऱ्यावर जात होता. सानप खाली गेले.

ओली माती लागली. मग एक चपटी खोली उघडी झाली, तांदळाच्या कण्यांसारख्या अळ्यांनी भरलेली. मुंग्यांची धावपळ उडाली. आणि त्यांच्यात ते दोन होते. लाखेच्या रंगाचे, सावकाश, आंधळ्यासारखे. मी वाकून पाहिलं. जिवाच्या आकांताने मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून पळत होत्या, आणि त्यांतल्या तीन-चार मुंग्यांनी एका पाहुण्याचं रुंद शिंग धरलं होतं आणि त्याला ओढत होत्या. आपल्या पिल्लांआधी. त्यांची पिल्लं खाणाऱ्याला.

"नळी," सानप म्हणाले.

मी दिली. त्यांनी एकाला अलगद आत घेतलं. पट् असा आवाज आला, काच आतून तपकिरी झाली. दुसरा अजून मातीवर होता. तो नर असेल, ही मादी असेल. माझ्या मनात पत्राचं पहिलं वाक्य तयार झालंसुद्धा. सानपांनी नळी दुसऱ्याजवळ नेली आणि तिथेच थांबवली. मुंग्या त्याला ओढतच होत्या. त्यांनी किती वेळ पाहिलं मला सांगता येणार नाही. मग त्यांनी नळी तिरकी केली, आतला पाहुणा मातीवर ठेवला आणि बाजूच्या एका भेगेवर आपल्या छत्रीची सावली केली. मुंग्यांनी दोघांनाही तिथे आत नेलं.

"सानप! काय केलंत हे?"

"घर आपन मोडलं, बाई."

"म्हणूनच तर! आता नाही तर कधीच नाही. तुम्हाला कळतंय का? मंजुळेचं नाव द्यायचं राहिलं!"

कौसाबाईचं सूप थांबलं. ते नाव मी तिच्यासमोर घ्यायला नको होतं.

सानप हात झटकत उठले. "घर मोडून तिचं नाव कसं ठिवू?" ते म्हणाले. एवढंच. मग कौसाबाईला म्हणाले, "दाना दोन पान्यांतून धू. आंबूस वास जातो."

मी पंधरा दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मी फार नेमाने वागणारी बाई आहे, हे तुम्हाला माहीत आहे. अबोलाही मी नेमाने पाळला. मग एक दिवस ते पायरीवर येऊन बसले. विलायतेला शेवटचं पत्र लिहायला हवं होतं. मी इंग्रजीत एक वाक्य लिहिलं आणि त्यांना मराठीत सांगितलं, "दुष्काळामुळे मुंग्यांची घरं नष्ट झाल्याने नमुने पाठवणं शक्य नाही."

"दुस्काळानं न्हाई," ते म्हणाले. "आमी खोदली. आन दोन घावले व्हते, ते सोडले. तसं लिवा."

"बरं," मी म्हटलं.

मी तसं लिहिलं नाही. दुष्काळाचंच वाक्य गेलं, आणि आपण सांगितलं तसंच गेलं असं समजून त्यांनी माझे आभार मानले.

पाऊस आला, पुढच्या वर्षी ऊस लागला. आमची बदली झाली. सानपांची पत्रं यायचं कारण नव्हतं. मी त्यांना लागत असे ती इंग्रजी पत्रांपुरतीच. बारा-तेरा वर्षांनी मी त्यांना एकदाच पाहिलं. आम्ही मोटारीने बीडला येत होतो, मांजरसुंब्याला चहासाठी थांबलो. चौकात एसटी उभी होती, कंडक्टर ओरडत होता, लोक धावत चढत होते. ढाब्याच्या ओट्याच्या टोकाला एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस उकिडवा बसला होता. शेजारी गोणपाटाची घडी. त्याने बशीत उरलेल्या चहाचे चार थेंब जमिनीवर सोडले आणि मान आणखी खाली घातली. कंडक्टरने घंटी दिली. एसटी निघून गेली. ती त्यांचीच असावी, कारण चौकात दुसरी नव्हती. त्यांनी वर पाहिलं नाही. मी काच खाली केली, "सानप" म्हणायला तोंड उघडलं, आणि पत्राचं ते वाक्य आठवून मिटलं. तुमच्या आजोबांनी गाडी सुरू केली.

त्यानंतर काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, तेही दुसऱ्याच कामाने आलेल्या माणसाकडून, जाता जाता.

आता काय शिल्लक आहे ते लिहून थांबते. कारखाना बंद आहे. आतली यंत्रं लिलावात गेली, धुराडं उभं आहे. कौसाबाईचा नवरा दुष्काळाच्याच वर्षी परत आला. तिच्या धाकट्या मुलीची मुलगी गेवराईला परिचारिका आहे. विलायतेच्या संग्रहालयाला मी मागच्या वर्षी पत्र लिहिलं, या वेळी सानप म्हणाले होते तसं, वाक्याला वाक्य. त्यांचं उत्तर आलं. भुंगेरा त्यांच्या खणात आहे. एकच आहे, डावं शिंग मोडलेलं, आणि अजून त्याला नाव नाही. उन्हाळ्यात मी गाडी करून माळावर गेले होते. टेकडाच्या पाठीमागे मुंग्यांची नऊ घरं आहेत. मी ती दोनदा मोजली. एकही उघडून पाहिलं नाही.

तुमची आजी